निळ्या कपाने अर्धा

वही मामाच्या चौथीतली, गणिताची, चौकटींची.
पहिल्या दोन पानांवर चुकलेले भागाकार,
तिसऱ्यापासून त्सिआला आजीचं अक्षर:

हिरवे आलुबुखार एक बादली, मोठी नव्हे.
लसूण निळ्या कपाने अर्धा.
रानपुदिना ओढ्याकाठचाच,
बाजारातला नुसता गवत लागतो.
आणि लगेच खाली, त्याच शाईत:
लामाराचे साठ रुबल द्यायचेत.

निळा कप मी पाहिलेला नाही.
आई म्हणते, कान तुटलेला होता.
मावशी म्हणते, निळा कुठला, हिरवा,
आणि त्यात बाबा दाढीचा ब्रश ठेवायचे.
यावरून दोघी आठवडाभर बोलल्या नाहीत.

वहीसोबत डबा मिळाला बिस्किटांचा:
अंगठीएवढं अंगुस्तान,
कुताइसी ते सामत्रेदिया, एकाच बाजूचं तिकीट,
कुणाचा तरी दुधाचा दात.
आम्ही पाच नातवंडं. विचारायचं कुणाला?

पहिल्यांदा चटणी करपली.
दुसऱ्यांदा इतकी आंबट
की खालच्या मजल्यावरच्या मझियाने
बाटली परत पाठवली, आत अक्रोड भरून.
तिसऱ्यांदा बद्री आला, बोटाने चाखली,
म्हणाला, "ही तिची नाही."
मग पावाच्या तुकड्याने
पातेलं पुसून पुसून खाल्लं,
हात न धुताच खिडकीशी जाऊन उभा राहिला.

रात्री मी तिच्या ओळीखाली लिहिलं:
लसूण पिवळ्या मगाने पाऊण.
कुठला पिवळा मग, ते लिहिलं नाही.
लामाराचे पैसे दिले गेले का,
तेही अजून कळलेलं नाही.