भट्टीत माल असताना

बरणीत लाकडाचे तुकडे घेऊन हिंडतो मी,
काडेपेटीएवढे, पत्र्यावर चार दिवस वाळवलेले.
शिरोलीत फाउंड्रीच्या फाटकावर
वॉचमन बरणी हलवून बघतो.
"औषध काय हो?"
"वीज," मी म्हणतो.
तो वहीत लिहितो: किरकोळ विक्री.

मगदूमसाहेब बरणी ठेवून घेतात पेपरवेटशेजारी.
युनिटमागे रुपया दहा पैसे वाचतात, हे त्यांना मान्य.
भुसा, साल, ढलप्या, मीटर, करार, सगळं मान्य.
मग चहा येतो, आणि बशीत ओतता ओतता ते विचारतात,
"भट्टीत दीड टन माल पातळ झालाय
आणि तुमचा गॅस बसला, तर?"

मी फिल्टर दोन असल्याचं सांगतो.
डिझेल सेटचं सांगतो.
"तर?"

खिडकीबाहेर थिजलेल्या बिडाचा गोळा पडलाय,
भट्टीच्या पोटाच्या आकाराचा.
कधीतरी मध्यरात्री लाइट गेली होती.
त्याच्यावर एक कुत्रं झोपलंय.
"पण ती लाइट तर सरकारी होती," मी म्हणतो.
"व्हय की. सरकारला शिव्या तरी घालता येत्यात.
तुला घालून काय मिळणार आम्हाला?"

टिंबर मार्केटात गेल्या वर्षी रतनशीभाई
हात जोडून म्हणाले होते, घेऊन जा हो,
ढिगात उंदरांनी घरं केलीत.
मी मीटर बसवल्याचं त्यांना कुठून कळलं कोण जाणे.
आता ढिगावर ताडपत्री आहे,
ताडपत्रीखाली भाव आहे,
आणि बेकरीवाला परवाच दोन ट्रॉल्या भरून गेला.
कचरा कचरा असतो तोवरच
माझा हिशोब जुळतो.

जुलैत तर तुकडे पाणी पितात,
गॅस खोकतो,
नळीतून डांबर उतरतं मधासारखं, कुणालाच नको असलेलं.
त्या हातांनी मी कोटेशन टाइप करतो.

काल उद्यमनगरातून केरबा सुतारांचा निरोप आला.
माळा रिकामा करायचाय,
पोरगा आता पॅटर्न मशिनवर छापतो.
पंपाच्या व्होल्यूट, पुली, गिअरबॉक्सचे अर्धे अर्धे,
आणि आठ हॉर्सपॉवरच्या ऑइल इंजिनची बॉडी:
सागवानी, लाल रंगाची, कोपऱ्यांत मेण भरलेलं,
पोटात पेन्सिलीनं लिहिलेली तारीख.

रंग गॅसला चालत नाही.
म्हणून दोघं रंधा घेऊन बसलो.
लाल कीस पायाशी साचत गेला.
ते म्हणाले, "लोखंड निवलं की मागं सरतं.
तेवढं लाकूड आधीच वाढीव द्यायचं. आकसण म्हणत्यात.
तू धरलीस का रे, तुझ्या धंद्यात?"

माझ्या शेडमधलं इंजिन जुनंच आहे,
भंगारातून आणलं, गॅसवर बदलून घेतलं.
केरबांनी बॉडीचा पॅटर्न त्याच्या कुशीला लावला.
त्यांचाच निघाला.
तीच वळणं, पायाला तोच खाचा,
फक्त लाकूड दोन गहू मोठं.
बराच वेळ ते त्या दोन गव्हांच्या फटीत
बोट घालून उभे राहिले.

मग म्हणाले, "फोड."
मी फोडलं नाही. त्यांनीच फोडलं.

किती वेळ चाललं त्यावर इंजिन, मोजलं नाही.
एरवी मी सगळं मोजतो.
आवाज मात्र एकसारखा होता,
सागवान तीस वर्षं माळ्यावर वाळलेलं.

आज मगदूमसाहेबांकडे दुसरा कागद नेला.
भट्टी सोडून.
ग्राइंडिंगचा विभाग, पंखे, दिवे, कँटीन.
दर मागच्यापेक्षा वीस पैसे चढा.
"चढा कशापायी?" त्यांनी विचारलं.
"आकसण," मी म्हणालो.

ते हसले नाहीत.
माझ्या बरणीचं झाकण उघडून
एक तुकडा काढला, नाकाशी नेला,
आणि फोनवर कुणालातरी म्हणाले,
"कँटीनचं बिल किती येतं रे आपलं?"