एक अंश

वीस मीटर लांब, दहा रुंद, सरासरी दीड खोल.
तीनशे घनमीटर पाणी
चार तासांत एकदा वाळूतून जायला हवं,
म्हणजे ताशी पंचाहत्तर.
एवढा पंप, एवढी वाळू. वहीत बसलं.

क्लोरीन मात्र माणसांवर ठरतं.
किती येतात, टेग्वेनबाई?
ती बोटांवर मोजते. गुरुवारी सकाळी अकरा जणी,
त्यातली बेरिल नुसती पायरीवर बसते
पाय सोडून, गप्पा हाणत.
तिला धरू?
धर. घाम तिलाही येतो.

समोर बंद खाणीचा वेल्श डोंगर,
त्यावर ओल्या मेंढ्या,
आणि उघड्या तलावावरून
ऊब पुसून नेणारा मार्चचा वारा.

मी सव्वीस अंश लिहिले.
"सत्तावीस," ती म्हणाली.
एका अंशाला साडेतीनशे युनिट वीज, बाई,
आणि रात्री आच्छादन ओढायला विसरलात
तर सकाळी पुन्हा पहिल्यापासून.
"ते माझ्या गुडघ्याला सांग."

गुडघ्याचा रकाना
माझ्या तक्त्यात नाही.

घाटाखाली गाडी थांबवली,
वही स्टीअरिंगवर टेकवली,
हीटर एक माप मोठा केला.
कारणापुढे लिहिलं:
वारा.