टॉवेलाखालचा भाव

आधी 'स' गेला.
मग 'श', मग 'थ', मग हळदीतला 'ह'.
आमच्या अडतीत गेली कित्येक वर्षं अळदच येते आहे,
पिवळीजर्द, राजापुरी, पोत्यापोत्यानं,
आणि मी तिच्या पट्ट्या लिहिते आहे.

मिरजेच्या डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली.
डावीकडं बरी, मग पायरी, पायरी, पायरी,
कृष्णेच्या घाटासारखी उतरत
पाण्यात गेलेली.
"खालच्या पायऱ्या आहेत अजून," ते म्हणाले असावेत,
"फक्त दिसत नाहीत."
किंवा दुसरंच काही म्हणाले असतील.
मी मान डोलावली.
मान डोलावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मशीन घेतलं कानाचं, हप्त्यावर.
त्यानं माणसं जवळ आली नाहीत.
पंखा जवळ आला, पॉलिशचा ड्रम जवळ आला,
लोखंडी कपाटाचं दार अंगावर आलं.
माणसं तिथंच राहिली, ओठ हलवत.

मग मी ओठ शिकले.
बाबा, मामा, पापा: ओठांवर एकच नातं.
भाव आणि पाव एकच.
तंबाखूचा बार धरलेला माणूस म्हणजे बंद दुकान.
आणि पायगोंडा शेठच्या मिशा!
देव शेठना उदंड आयुष्य देवो, मिशांना नको.

सौद्याला ढिगाभोवती तीस माणसं,
तीसही तोंडं उघडी.
सात, साठ, आठ,
माझ्यापर्यंत पोचतो तो नुसता 'आ'.
त्या मंगळवारी मी सातच्या जागी आठ लिहिलं.
तासगावचा माल, चौदा पोती.
पट्टी फाडावी लागली.
शेठ रागावले नाहीत. तेच लागलं.
"आत बसा आता, वैजयंताताई. सावलीत."
सावलीत म्हणजे काट्याच्या मागं, बारदानाच्या गंजीशेजारी,
जिथं चुकीचं ऐकायलासुद्धा कुणी काही बोलत नाही.

चहाला सगळे हसले की मीही हसते,
अर्धा क्षण उशिरा,
वरातीतल्या शेवटच्या माणसासारखी.
"काय झालं?" विचारलं तर
"काही नाही."
एवढे दोन शब्द मला
कुठल्याही ओठांवरून, मिशांतूनसुद्धा,
यार्डाच्या पलीकडच्या गेटवरून वाचता येतात.

दस्तगीरचाचा तोलार. सत्तरी गाठलेले.
एक दिवस बारदानावर येऊन बसले,
खांद्यावरचा टॉवेल काढून
आपल्याच दोन हातांवर टाकला.
खाली बोटं फिरली,
पांघरुणात मांजर फिरावं तशी.
त्यांच्या बापाच्या वेळी म्हणे भाव असेच ठरायचे.
बोट म्हणजे शंभर, मूठ म्हणजे पाचशे,
मनगट दाबलं की हजार.
चांगले कान असलेल्या माणसांनी
कुणाच्या कानी पडू नये म्हणून केलेली भाषा.
मग त्यांनी टॉवेल झटकला
आणि तीच बोटं उघड्यावर धरली.
"हे घे," म्हणाले. हे मला नीट कळलं.

आता सौद्याला ते ढिगापलीकडं उभे राहतात.
डोक्यांच्या वर एक हात: मनगट, मूठ, दोन बोटं.
मी लिहिते.
हमालांची पोरंही शिकलीत. त्यात त्यांनी शिव्या घातल्या,
त्या मात्र मला कुणी समजावून सांगाव्या लागल्या नाहीत.
शेठ मिशी कापत नाहीत ते नाहीतच,
पण माझ्याशी बोलताना
तोंडावरचा पिवळा हात खाली घेतात.

घरी तसंच आहे. लेक फ्रिजमध्ये डोकं घालून बोलते.
फोन मी उचलत नाही.
आयर्विन पुलावर मागून हॉर्न देणारे
पुढं गेल्यावर काय म्हणाले,
ते त्यांच्या पाठीवरून कळतं.

परवा चहाला सगळे हसले.
त्रिशला, काट्यावरची नवी पोरगी,
माझ्याकडं वळली, भडंगाचा घास गिळला,
तोंड पुसलं,
आणि तो विनोद पहिल्यापासून सांगितला.
दोनदा. मधलं नाव टेबलावर बोटानं लिहून.

विनोद काही खास नव्हता.