बारा घरं पुढे

दौलतगंजात, जिन्यावरच्या खोलीत
किबे सर गिटार मांडीवर आडवी घेतात.
डाव्या हातात पोलादी रॉड,
जेसी मिलच्या लेथवर, शेवटच्या पगाराच्या दिवशी
घासून गुळगुळीत केलेला.

"दाबू नका हो, नुसता टेकवा.
रॉड तिसऱ्या घरावर? मग बारा पुढे मोजा.
पंधराव्यावर तळव्याची कड.
शिवायचं, तापल्या तव्याला शिवतो तसं.
नखी मारली की हात वर!"

एजी ऑफिसात तीस वर्षं आकडे जुळवले,
बारा मोजता येतात मला.
तरी तार ठक्क करते,
बंद दारावर टिचकी मारावी तशी.
अंगठ्यातली नखी फिरून आडवी होते.

"हात उचलायला उशीर होतो तुम्हाला,"
म्हणत सर आधण ठेवायला उठतात.

होतो खरा.
फोन ठेवतानाही होतो.
पलीकडे मुलीने केव्हाच ठेवलेला असतो.

खाली कुणी स्कूटरला किक मारत होतं,
लागत नव्हती.
मी मोजलंच नाही या वेळी.

आणि निघाला,
तारेतून नव्हे, तारेच्या जरा वरून,
गोटीएवढा, थंड, गोल.

आत कपबशीचा आवाज थांबला.
"तोच," सर तिथूनच म्हणाले.
"साखर किती?"