दोरी जितकी लांब

नारिन नदीच्या वरच्या अंगाला आमची शाळा.
पाच खोल्या, एक बॉयलर,
आणि एक फळा, जो उजव्या कोपऱ्यात खडू घेतच नाही.
एकतीस वर्षं त्या कोपऱ्याला वळसा घालून
मी भूमिती शिकवली.

मार्चमध्ये फर्मान आलं : उद्यापासून फोनवर.

पहिला तास घरूनच घेतला.
भिंतीला टेकवलेला फोन
दर दोन मिनिटांनी लोटांगण घालायचा.
वर्तुळ काढायला चहाचा वाडगा उचलला,
तर सून म्हणाली, तो पाहुण्यांचा आहे.
अठ्ठावीसपैकी अकरा जण आले.
आले म्हणजे काय, अकरा काळे चौकोन,
प्रत्येकात एक पांढरं अक्षर.
"बेगाइम?"
चौकोन गप्प.
"बेगाइम, ऐकू येतंय का?"
चौकोनातून मेंढरू ओरडलं.
मी हजेरी मांडली.

दुसऱ्या दिवशी उठून सरळ शाळेतच गेले.
धुराड्यातून धूर.
जुमाश नेहमीसारखा पहाटे पाचला येऊन
कोळसा घालून बसलेला.
"कुणासाठी रे?"
"पाइपांसाठी. गोठले की फुटतात."

फळ्याचं मोठं लाकडी कर्कटक घेतलं,
दोन पाय फाकवून जमिनीवर रोवले,
मागून मीटरपट्टी लावली, तिसरा पाय म्हणून,
आणि डोक्याच्या रुमालाने फोन वर बांधला.
इतकी वर्षं ज्याने वर्तुळं काढली
ते आता नुसतं उभं राहून माझ्याकडे बघू लागलं,
आणि वर्तुळ मला हातानं काढावं लागलं.
बटाट्यासारखं आलं.
"हे वर्तुळ आहे, असं समजा," मी म्हणाले.
एक चौकोन फिसकन हसला.
कोण ते कळलं नाही.

एप्रिल सरता सरता
मुलांआधी त्यांची घरं ओळखू येऊ लागली.
अस्कातच्या मागे शिलाई मशीन.
तोल्गोनायच्या मागे म्हाताऱ्याचा खोकला.
आणि नुर्झादा,
जिला "लक्ष कुठे आहे तुझं?" म्हणून
मी भर वर्गात उभं करत असे,
तिच्या कडेवर तासभर एक रडकं बाळ.
मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी तरी कुठे विचारलं होतं.

एल्दियारच्या घरी रेंज नव्हती.
तो टेकडीवरून बोलायचा, तेही घोड्यावर बसून,
वर बसलं की एक कांडी जास्त मिळते म्हणे.
त्याच्या चौकोनात वहीपेक्षा घोड्याची मान जास्त.
एकदा त्याला विचारलं : त्रिज्या म्हणजे काय?
पुष्कळ वेळ काहीच नाही.
वाटलं, तुटला.
मग वाऱ्यातून तुकडे आले :
"एजे... खुंटा...
घोडा बांधला ना...
दोरी जितकी लांब
तितकंच गवत."

मला व्याख्या पाठ होती.
किती पिढ्यांकडून ती दहा दहा वेळा लिहून घेतली,
शाईसकट, समाससकट.
मी फळ्याकडे वळले, खुंटा काढला.
घोडा काही जमला नाही.
दारात जुमाश कधीचा उभा होता, हातात फावडं.
म्हणाला, "शेपूट राहिली."

सप्टेंबरात मुलं परत आली.
सहा महिन्यांत वीतभर उंच झालेली,
आवाज फुटलेले.
काही आलीच नाहीत. दोघींची लग्नं ठरली होती.
एल्दियार बापाबरोबर रशियाला गेला, बांधकामावर.
त्याचा चौकोन माझ्या फोनमध्ये अजून आहे,
एक पांढरं अक्षर.

कर्कटकाचा खिळा ढिला झाला होता.
जुमाशनं ठोकून दिला,
तर आता ते उघडतच नाही.

म्हणून मी दोरी वापरते.
एका टोकाला खडू, तो माझ्या हातात.
दुसरं टोक फळ्यावर दाबून धरायला
रोज कुणीतरी पुढे यावं लागतं.
आज बेगाइम आली.
तिचा हात हलतो.