अंगरखा

झावळ्यांच्या रविवारी, गोझो बेटावर,
कागदी ऑलिव्हच्या झाडाखाली
विस्तिन बेकरीवाला येशू होऊन म्हणाला
(वाक्य मास्तरीणबाईंनी नवं घातलेलं):
'बापा, मलाही घर हवं होतं.
दाराशी माझ्या पायताणांची वाट बघणारं कुणी.'

मागे कुणीतरी खुर्ची आपटून उठलं.

सोमवारी चर्चच्या पायऱ्यांवर बायका बसल्या
जपमाळा घेऊन. खेळ बंद करा.
त्यांत माझी सख्खी जाऊ.
चेन्सू घंटेवाल्याने चाळीस वर्षांत पहिल्यांदा
पाव परत पाठवला.
'देवाला कसला आलाय मोह?'

मी काय बोलणार.
मी फक्त अंगरखा शिवला होता,
आणि धुवायला घरी आणला.
काखेत मिठाचे पांढरे नकाशे.
गुडघ्यांवर माती.
डाव्या बाहीला, जिथे त्याने डोळे पुसले
(ते नाटकात नव्हतं),
थोडं पीठ.

मीठ निघालं. मातीही.
पीठ पाण्यात चिकट होऊन शिवणीत शिरलं.
दोनदा चोळलं, मग राहू दिलं.
तसाच वाळत घातला गच्चीवर,
जाऊबाईंच्या खिडकीसमोर.

वारा होता. बाह्या भरून आल्या.
तिने पडदा ओढला,
पण पुरता नाही.