दहापैकी सहा

अजमानच्या जुर्फमध्ये, टायरवाल्यांच्या मागच्या गल्लीत
जुन्या बॅटऱ्या फोडायचं आमचं शेड.
मी स्टोअरला. माझ्याकडे पंखा आहे,
रजिस्टर आहे, आणि मास्कचं खोकं :
माणशी एक, आठवड्याला, सही घेऊन.

मन्सूर होडेकर भट्टीवर.
सहीतला शेवटचा ‘र’ गळासारखा वळवायचा.
तिसऱ्या दिवशीच त्याचा मास्क काळा पडे.
दुसरा मागायला आला की मी म्हणायचो,
आठवडा भरू दे.
माझ्या हातात तेवढंच होतं,
असं मी अजून म्हणतो.

शिसं त्याला नवं नव्हतं.
हर्णैला बापाच्या पागाच्या काठाला
शिशाचे मणी ओवून दातानं दाबायचे, कटक्,
सहा वर्षांचा असल्यापासून.
‘गोडसर लागतं रे,’ म्हणायचा,
‘म्हणूनच मासळी फसते.’
इथं तेच शिसं पातेल्यातल्या दुधासारखं
वर येतं, साय धरतं,
आणि साचात ओतलं की लगड होते,
एका माणसाला उचलवत नाही अशी.

जूनमध्ये दुपारची सुट्टी लागते,
ती उन्हात काम करणाऱ्यांना.
भट्टीला छप्पर आहे.

शुक्रवारी खाडीच्या तोंडाशी आम्ही गरी टाकून बसायचो.
तो म्हणाला, ‘लहानपणी वाटायचं, समुद्राकडे बघत राहिलं
तर दुबई दिसेल.
आणि इथं समुद्राकडे तोंड केलं
की घराकडे पाठ होते.’
त्या दिवशी त्यानं मणी दातात धरला आणि तसाच थांबला.
पोट पिळवटत होतं.
चपलेचे पट्टे पावलात रुतले होते,
काढले तरी खळगे तसेच,
ओल्या वाळूतल्यासारखे.

कंपनीचा डॉक्टर म्हणाला, गर्मी. पाणी पी.
मन्सूर पाणी प्यायला.
लघवीला फेस येतो, हे त्यानं मला सांगितलं,
डॉक्टरला नाही;
दारात अकरा जण उभे होते म्हणाला.

मग एका रविवारी आम्ही आमच्या पैशानं
रोल्याच्या एका दवाखान्यात गेलो, शारजाला.
तिथली नर्स, शीबा, कागद बघून गप्प झाली.
‘क्रिएटिनिन सहा आहे.’
मन्सूरनं विचारलं, ‘दहापैकी?’
मी हसलो. ती हसली नाही.

डॉक्टरनं विचारलं, काम काय? किती वर्षं?
बारा.
रक्तातलं शिसं कधी मोजलं?
मन्सूरनं माझ्याकडे बघितलं,
जणू ते रजिस्टर माझ्याकडे असतं.
आमच्याकडे मोजतात शिसं. रोज मोजतात.
टनांवर, पाच वाजता, मीच लिहितो.

बसमध्ये तो म्हणाला,
‘आमच्यात कुणी दर्यात बेधडक घुसला
की म्हणतात, गुर्दा आहे पोराला.
माझे दोन होते.’
पुढचे चार स्टॉप आम्ही बोललो नाही.

सही घेऊनच पाठवला त्यालाही.
कारण : अनफिट. हिशेब : पूर्ण.
गळ मात्र यावेळी नीट वळला नव्हता.

आता तो आठवड्यातून दोनदा चिपळूणला जातो.
सुई लावलेला हात उशीवर, दुसऱ्या हातात फोन :
‘भट्टीवर कोण आहे आता?’
एक नेपाळी पोरगा आहे, मी सांगतो. तिलक.
‘त्याला मास्क दे रे.’
देतो, म्हणतो.
देतो मी. आठवड्याला दोन.
वरचा एक कुठल्या खात्यावर लिहायचा
ते अजून सुचलेलं नाही.

काल त्यानं घरून फोन केला.
ओटीवर मागे त्याचा धाकटा, तौसिफ,
आजोबाचा पाग मांडीवर घेऊन बसलेला.
एक मणी निसटला असावा.
पोरानं तो दोऱ्यात घातला,
आणि दातात धरला.

‘थुंक!’
मन्सूर ओरडला की मी, कळलं नाही.
तेवढ्यात रेंज गेली.
पडद्यावर ते पोर तसंच राहिलं,
हसताना, पुढचा एक दात पडलेला,
शेजारच्या दातांत करडा ठिपका.

पंखा चालू होता. खोकं उघडं होतं.
मी त्या थांबलेल्या चित्राला
थुंक, थुंक म्हणत राहिलो.